पाणी वाटण्याआधी जागा बदलून पाहू या

विषय जड वाटेल, पण लेखात एक खेळ आहे आणि तो घरच्या घरी खेळता येईल, एवढे आश्वासन सुरुवातीलाच देऊन ठेवतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. पाणी कोणाला किती मिळावे, असा प्रश्न उभा राहिला की आपण बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतो. एक तर तज्ज्ञांकडून अहवाल लिहून घेतो, नाही तर सभा बोलावून लोकांना 'मत मांडा' म्हणतो. अहवाल फारसे कोणी वाचत नाही. सभेत जो तो घरून पक्के करून आणलेले मत मांडतो आणि तेच घेऊन परत जातो. या दोन्हींच्या आधी तिसरी एक गोष्ट व्हायला हवी. ज्यांचे पाण्यावरून वाकडे आहे त्यांना एका टेबलाभोवती बसवावे, एकमेकांच्या भूमिका द्याव्यात आणि पाणीवाटपाचा खेळ खेळायला लावावा. जगाच्या निरनिराळ्या भागांत गेली पंचवीसेक वर्षे हे काम गांभीर्याने चालू आहे. मी आयुष्यभर जलशास्त्र शिकवले. फळ्यावर समीकरणे मांडून जे तासाभरात गळी उतरत नाही, ते अशा खेळात पंधरा मिनिटांत उतरते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तुम्ही म्हणाल, सिडनी-मेलबर्नमध्ये नळ सोडला की पाणी येते, आम्हाला याचे काय? तर आपला संबंध दोन ठिकाणी येतो. आपण इथले नागरिक आहोत आणि इथल्या पाण्याचे मोठे निर्णय आपल्याच मतावर ठरतात. शिवाय आपल्यापैकी पुष्कळ जण दर उन्हाळ्यात गावाकडच्या जलसंधारणाच्या कामांसाठी पैसे पाठवतात. दोन्हीकडे या खेळाची गरज आहे, असे मला वाटते. ते का, ते सांगतो.

सभा झाल्या, कागद जळाले

मरे-डार्लिंग खोरे दहा लाख चौरस किलोमीटरांहून मोठे आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीपेक्षा जास्त. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि राजधानीचा कॅनबेरा परिसर, सगळ्यांचा त्यात वाटा. शंभर वर्षांत शेतीसाठी इतके पाणी उचलले गेले की मोठ्या दुष्काळात नदी मुखापर्यंत पोहोचेना. नदीत किती पाणी राखायचे, याचा आराखडा म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. वर्षाला ३,००० ते ४,००० गिगालिटर पाणी शेतीकडून नदीकडे परत यावे, असे तिच्यात म्हटले होते. मग गावोगावी सभा झाल्या. ग्रिफिथ या बागायती गावात हजारो लोक जमले आणि त्या मार्गदर्शिकेच्या प्रती लोकांनी जाळल्या.

दोन वर्षांच्या ओढाताणीनंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये, २,७५० गिगालिटरवर आराखडा मंजूर झाला. आपल्या मापात सांगायचे तर सुमारे ९७ टीएमसी. पैठणच्या नाथसागराची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. म्हणजे दर वर्षी जवळजवळ एक भरलेला नाथसागर शेतीतून काढून नदीला द्यायचा, असा हा सौदा. ग्रिफिथच्या द्राक्षबागायतदाराचा संताप समजण्यासारखा आहे. पण नदीचीही बाजू आहे. २०१८-१९ च्या उन्हाळ्यात मेनिंडीजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे मरून पाण्यावर तरंगले आणि मार्च २०२३ मध्ये तिथेच पुन्हा तसे घडले.

दुसरे उदाहरण टुवूम्बाचे. दुष्काळाने धरणे तळाला गेली असताना सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरावे का, यावर तिथे २९ जुलै २००६ रोजी मतदान झाले. सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटले. पुढे त्या शहराला व्हिवेनहो धरणातून नळ टाकून पाणी चढवावे लागले. मतदान लोकशाही पद्धतीनेच झाले, त्याला माझा आक्षेप नाही. पण 'नाही' म्हटल्यावर पाणी कुठून आणायचे, त्याला किती खर्च येईल आणि तो कोणी सोसायचा, हे मतपत्रिकेवर नसते. 'हो' म्हणणाऱ्यालाही शेजारच्या घरातली किळस आणि भीती समजून घ्यावी लागत नाही.

ग्रिफिथ आणि टुवूम्बा, दोन्हीकडे लोकांना बोलावले होते. पण बोलावले ते होकार किंवा नकार द्यायला. बागायतदाराला क्षणभर नदीच्या मुखाशी राहणारा कोळी व्हायला कोणी सांगितले नाही. अधिकाऱ्यालाही कर्ज डोक्यावर असलेला बागायतदार व्हायला सांगितले नाही.

गोट्यांचे पाणी

आता हे खेळ असतात तरी कसे, ते पाहू. मला सर्वांत आवडतो तो ब्रूस लँकफर्ड या इंग्लंडमधल्या सिंचनतज्ज्ञाने केलेला. टांझानियात ग्रेट रुआहा नदीच्या खोऱ्यात भातशेती करणाऱ्यांमध्ये पाण्याचे तंटे होते. त्याने लाकडाचा एक मोठा पाट बनवला, एका टोकाला उंच, दुसऱ्या टोकाला उतरता. मधून नदीची खाच. दोन्ही बाजूंना शेते, आणि शेत म्हणजे पाटावरची लहान लहान भोके. वरून काचेच्या गोट्या सोडायच्या, तेच पाणी. खेळणाऱ्याने काडी आडवी लावून बंधारा घालायचा आणि गोट्या आपल्या शेताकडे वळवायच्या. वरच्या अंगाला बसलेला माणूस दोन काड्या जास्त लावतो, त्याची भोके भरून वर गोट्या सांडतात आणि खालच्याकडे एकही गोटी पोहोचत नाही. हे व्याख्यानात सांगितले तर वरचा शेतकरी म्हणेल, 'मी कुठे जास्त घेतो?' पाटावर मात्र त्याच्या पुढ्यातला गोट्यांचा ढीग सगळ्या गावाला दिसतो. आपल्याकडे टेलच्या शेतकऱ्याला पाणी का मिळत नाही, ते समजायला याहून सोपे साधन मला माहीत नाही.

दुसरा खेळ भूतानमधला. लिंगमुतेचू नावाच्या खोऱ्यात वर लिम्बुखा आणि खाली डोम्पोला अशी दोन गावे. रिवाजानुसार वरचे गाव भूतानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी खाली पाणी सोडणार. तोवर खालच्यांची भातलावणी खोळंबलेली. २००३ साली तिथे संशोधकांनी दोन्ही गावच्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून खेळ घेतला. आधी आपापल्या गावापुरता, मग दोन्ही गावांचा मिळून आणि शेवटी भूमिकांची अदलाबदल करून. वरचा माणूस खालच्या गावचा झाला की पाण्याची वाट पाहणे म्हणजे काय, ते त्याला कळते. पुढे या प्रक्रियेतून खोऱ्यातल्या सात गावांची मिळून पाणलोट समिती उभी राहिली. रिवाज काय आहे ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक होते. त्यावर न भांडता बोलायला मात्र जागा नव्हती, ती खेळाने मिळाली.

ऑस्ट्रेलियाचाही यात हात आहे. प्रशांत महासागरात किरिबाती देशाचे तारावा बेट आहे. तिथे खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर जमिनीखाली तरंगतो. ते पाणी साऱ्या वस्तीला हवे, पण वरची जमीन खासगी मालकांची. सरकार आणि जमीनमालक यांच्यात तेढ. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी तिथल्या लोकांच्या माहितीवर 'अ‍ॅटोलगेम' नावाचा खेळ रचला आणि सरकारी पाणीखाते हेही त्यातले एक पात्र केले.

इथे २००८ साली एबीसीनेही 'कॅचमेंट डिटॉक्स' नावाचा संगणकावरचा खेळ काढला होता. नदीखोरे सांभाळून दाखवा, असा तो खेळ. शाळकरी मुलांना त्यातून पुष्कळ शिकता येते. पण संगणकापुढे एकटा बसलेला माणूस खोऱ्याचा राजा असतो. त्याच्यावर चिडणारा शेजारी समोर नसतो. माझ्या मते या खेळांचे मोल त्या शेजाऱ्यात आहे.

चौथे उदाहरण आपल्या सर्वांत जवळचे, आंध्र प्रदेशातले. भूजल दिसत नाही, म्हणून ते वाटणे सर्वांत अवघड. माझी बोअर माझ्या शेतात, माझे पाणी माझे, असेच वाटते. तिथे एका स्वयंसेवी संस्थेने आणि संशोधकांनी गावकऱ्यांबरोबर पीकनिवडीचे खेळ घेतले आणि खेळानंतर सगळ्या गावाची बैठक. एक वर्षाने त्याच गावांत पुन्हा खेळ. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि ते प्रामाणिक आहेत. खेळातल्या कमाईचे खरे पैसे दिले म्हणून लोक वेगळे वागले नाहीत. आपसांत बोलू दिल्याचा उपयोग पहिल्या वर्षी दिसला नाही, दुसऱ्या वर्षी दिसला. आणि ज्या गावांत खेळ झाले तिथे पाण्याची नोंदवही ठेवण्याचे आणि उपशाचे नियम करण्याचे प्रमाण, त्याच संस्थेच्या इतर गावांपेक्षा लक्षणीय जास्त निघाले. नुसत्या खेळाने भूजल वाचणार नाही, असेही त्यांनी स्पष्ट म्हटले आहे.

सोंग आपल्याला नवे नाही

'रोल-प्ले' म्हटले की परदेशी काही तरी वाटते. पण दुसऱ्याची भूमिका घेऊन बोलणे मराठी माणसाला नवे नाही. संत एकनाथांनी भारुडांत किती सोंगे घेतली! कधी वासुदेव, कधी जोशी, तर कधी गावकुसाबाहेरचा महार. लोक ते पाहत, हसत आणि हसता हसता स्वतःकडे पाहत.

ते एकनाथ पैठणचे, आणि महाराष्ट्रातला पाण्याचा सर्वांत मोठा झगडाही पैठणचाच. गोदावरीवर वर नाशिक-नगरची धरणे, खाली जायकवाडी. २०१४ साली राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडावे. त्यामुळे पाऊस कमी झाला की ऐन दिवाळीच्या सुमारास हा वाद पेटतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हाही वर आंदोलने झाली आणि 'हक्काचे पाणी द्या' म्हणून खालीही झाली. कायदा आहे, सूत्र आहे, न्यायालय आहे. नाही ते एवढेच, की निफाडचा द्राक्षवाला आणि गंगापूर-वैजापूरची टँकरपुढे हंडा घेऊन उभी असलेली बाई एकमेकांच्या जागी कधी बसलेली नाहीत.

आपल्याकडे पाण्याचे शहाणपण नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत सुरू केली. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारात पोपटराव पवार आणि गावकरी दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा गावाचा नियम.

मग अडले कुठे? अडले ते असे, की साळुंखे आणि पवार प्रत्येक गावाच्या नशिबी नसतात. ज्या गावात असा शब्द मानला जाणारा माणूस नाही, तिथे पाण्याची बैठक अर्ध्या तासात भाऊबंदकीवर घसरते. अशा गावाला खेळ उपयोगी पडू शकतो. खेळात हरलो तरी अब्रू जात नाही. 'मी नाही, माझ्या सोंगाने जास्त पाणी घेतले' असे म्हणायला वाव राहतो. पाटलाला भूमिहीन मजुराचे आणि सुनेला सरपंचाचे सोंग देता येते. आपल्या समाजात पाण्याला नुसता हात लावण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. तिथे 'सर्वांनी सभेत मोकळेपणाने बोला' एवढे म्हणून भागत नाही. कोण कोणापुढे बोलू शकतो, हे आधीच ठरलेले असते. खेळ ते थोडा वेळ तरी मोडतो.

घरचा खेळ

आंध्रातल्या खेळाच्या धर्तीवर एक साधा खेळ सांगतो. पाच जण बसा. मध्ये परात ठेवा आणि तिच्यात ५० शेंगदाणे. परात म्हणजे गावाखालचे भूजल. दर हंगामात प्रत्येकाने एक पीक निवडायचे आणि ते चिठ्ठीवर लिहायचे, दुसऱ्याला दाखवायचे नाही. हरभरा घेतला तर एक दाणा पाणी लागेल आणि २ रुपये मिळतील. ऊस घेतला तर तीन दाणे लागतील आणि ५ रुपये मिळतील. हंगाम संपला की पावसाचे ५ दाणे परातीत टाकायचे.

हिशेब करून पाहा. पाचही जणांनी ऊस लावला तर हंगामाला १५ दाणे जातात आणि ५ येतात. चार हंगामांत परातीत १० दाणे उरतात आणि पाचव्या हंगामात सगळ्यांचा ऊस भिजत नाही. प्रत्येकाच्या खिशात २० रुपये आणि पुढे भांडण. पाचही जणांनी हरभरा घेतला तर पाच दाणे जातात, पाच येतात. दहा हंगामांत प्रत्येकाचे तेच २० रुपये होतात, पण परातीत ५० दाणे जसेच्या तसे आणि अकरावा हंगाम शिल्लक. चौघांनी हरभरा आणि एकाने ऊस घेतला तर? दर हंगामाला दोन दाण्यांची तूट पडते. ऊसवाल्याला दर वेळी तीन रुपये जास्त मिळतात. तूट सगळ्यांची, कमाई एकाची. तो कोण, हे चिठ्ठ्या उघडेपर्यंत कोणालाच माहीत नसते.

पहिले चार हंगाम न बोलता खेळा. मग परात पुन्हा भरा आणि बोलायची परवानगी द्या. त्यानंतर जागा बदला. एकाच्या हाती तलाठ्याची वही द्या, एकाला बोअर कोरडी पडलेली शेजारीण करा, एकाला शहरात राहून शेत वाट्याने दिलेला मालक. आमच्या मित्रमंडळात हा खेळ झाला तेव्हा एक गृहस्थ निमूटपणे दर हंगामाला ऊस लावत होते. परात संपल्यावर ते म्हणाले, "नियम तोडला कुठे मी?" खरेच, तोडला नव्हता. तोडायला नियमच नव्हता. मग पाचही जण नियम करायला बसले आणि अर्धा तास वाद घातला. उसाला बंदी करायची, की आळीपाळीने एकेकाला लावू द्यायचा? पाऊस कमी पडला तर? खोटी चिठ्ठी लिहिली तर दंड किती आणि तो वसूल कोण करणार? गावातल्या लोकांनी करायची तीच चर्चा सिडनीतल्या दिवाणखान्यात झाली.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की पोटाच्या प्रश्नाचा पोरखेळ करता काय? मला तर उलट वाटते. ज्याच्या शेतात खरेच पाणी नाही, तो असा खेळ सर्वांत मनापासून खेळतो. खेळात चुकलेल्या हंगामाचे कर्ज फेडावे लागत नाही. शेतकऱ्याला चूक करून पाहायला इतकी स्वस्त जागा दुसरीकडे कुठे मिळते?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निर्णय घेतात मंत्री, कारखानदार आणि बडे बागायतदार. लोकांनी खेळून काय उपयोग? यात तथ्य आहे. निर्णय आधीच झालेला असेल आणि लोकांना फक्त रमवण्यासाठी खेळ मांडला असेल, तर ती धूळफेक आहे आणि त्यापेक्षा खेळ नसलेला बरा. म्हणून माझ्या दोन अटी. ज्यांच्या सहीने निर्णय होतो त्यांनी स्वतः खेळायला बसावे, प्रतिनिधी पाठवू नये. आणि खेळातून निघालेल्या प्रत्येक सूचनेचे काय केले, ती का घेतली किंवा का नाकारली, ते लेखी कळवावे.

खेळात कोणाला बसवायचे, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. डार्लिंग नदीकाठचे बार्किंजी लोक हजारो वर्षे तिथे राहतात. २०१५ साली न्यायालयाने जमिनीवरचा त्यांचा मूळ हक्क मान्य केला, पण नदीच्या पाण्यात त्यांचा परवान्याचा वाटा नगण्य आहे. खेळाच्या टेबलावर त्यांची खुर्ची नसेल तर तो खेळ अपुरा. त्याचप्रमाणे आपल्या गावच्या खेळात ऊसतोडीला बाहेर गेलेल्या कुटुंबाची खुर्ची हवी, मग त्या दिवशी तिच्यावर कोणी का बसेना.

आपण काय करायचे

आता आपल्यापुरते. पहिली गोष्ट गावाकडच्या पैशांची. गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात नाला खोलीकरण, गाळ काढणे, बंधारे यांची मोठी लाट आली आणि परदेशस्थ मराठी माणसांनी तिला सढळ हाताने मदत केली. ते चांगलेच झाले. पण जमिनीत मुरलेले पाणी कोणाच्या बोअरमधून बाहेर निघते, हे जेसीबी ठरवत नाही. मुरवलेले पाणी पुन्हा उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात साठवायचे आणि उन्हात वाळवायचे, हेही अनेक ठिकाणी चालते. राज्यात २००९ चा भूजल कायदा आहे. ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधने आहेत. किती गावांत ती पाळली जातात, ते सुट्टीत गावी जाल तेव्हा आपल्या शिवारातल्या बोअर मोजून पाहा. म्हणून माझी सूचना अशी: यापुढे गावाला जलसंधारणासाठी देणगी देताना दहातला एक रुपया बोलण्यासाठी राखून ठेवा. त्यातून खेळ, पाण्याचा ताळेबंद आणि पाऊस मोजायचे साधन, एवढे होते. आणि आंध्रचा धडा लक्षात ठेवा. हे एका वर्षात फळत नाही, किमान दोन वर्षे द्या. उद्घाटनाचा फलक त्यावर लावता येत नाही, हे खरे.

दुसरी गोष्ट इथली. मरे-डार्लिंग आराखड्याचा फेरआढावा २०२६ मध्ये व्हायचा आहे. आपण खातो तो तांदूळ, द्राक्षे, संत्री यांतले बरेच त्या खोऱ्यातले असते. सिडनीत शुद्ध केलेले सांडपाणी पिण्यासाठी वापरण्याची चर्चा सुरू झाली आहे. त्यासाठी सिडनी वॉटरने क्वेकर्स हिल येथे प्रात्यक्षिक केंद्र उभारले आहे, जिथे आपली निम्मी मंडळी राहतात त्या भागात! पर्थमध्ये तर असे शुद्ध केलेले पाणी २०१७ पासून मोठ्या प्रमाणावर भूजलात सोडले जाते. हा प्रश्न आपल्या दारात येईल तेव्हा 'छी' किंवा 'वा' म्हणण्याआधी आपण त्यातल्या चार भूमिका करून पाहिलेल्या असाव्यात: लहान मूल असलेली आई, पाणीखात्याचा अभियंता, पाणीपट्टी परवडत नसलेला पेन्शनर आणि समुद्रात सांडपाणी नको म्हणणारा पोहणारा. सरकारी संस्थांकडे मत पाठवाल तेव्हा एक ओळ जरूर लिहा, की सभा घेण्याआधी लोकांना असा खेळ द्या.

तिसरी गोष्ट मंडळाची. आपल्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे, की येत्या वर्षात एका शनिवारी, मराठी शाळा सुटल्यावर, दोन तास या खेळाला द्यावेत. मुलांनी आईवडिलांच्या भूमिका घ्याव्यात आणि आजी-आजोबांनी नाशिक-पैठणच्या. आपल्यात नाशिककर आहेत, नगरकर आहेत आणि संभाजीनगर-जालन्याचेही आहेत. जायकवाडीवरून व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचे जे चालते, ते एकदा परातीभोवती होऊ द्या. फक्त नाशिककरांनी पैठणचे व्हायचे आणि पैठणकरांनी नाशिकचे, एवढी एकच अट. परात आणि शेंगदाणे मी घेऊन येईन. उरलेले चहाबरोबर संपवू.